हिरडीतून रक्त येते म्हणून दात घासणे थांबवू नका

सकाळी दात घासून चूळ भरली आणि थुंकीत लाल रेघ दिसली, तर आपण काय करतो? बहुतेकजण दोन-चार दिवस त्या बाजूला ब्रशच लावत नाहीत. कुणी म्हणते, अंगात उष्णता वाढली. कुणी म्हणते, ब्रश कडक लागला. घरातले मोठे माणूस सांगते, "बोटाने घास, मीठ लाव." दुखत तर काही नसते. त्यामुळे विषय तिथेच संपतो.

दहा-पंधरा वर्षांनी त्याच माणसाचा एक दात हलू लागतो. दाताला कीड नाही, काळा डाग नाही, भोक नाही. दात चांगला दिसतो, पण जिभेने ढकलला तरी हलतो. मग शेजारचा हलतो. पंचेचाळिशी-पन्नाशीत माणूस भात मऊ शिजवून मागू लागतो, फुटाणे खायचे सोडतो, हसताना तोंडावर हात धरतो. आणि आपण सगळे मिळून म्हणतो, "वय झाले."

हे वयाने होत नाही, उष्णतेने होत नाही, नशिबाने तर नाहीच. याला कारण आहे. कारण कळले तर ते थांबवता येते, आणि त्याचा मोठा भाग घरच्या मोरीवर, रोजच्या चार मिनिटांत थांबतो. हिरडीतून येणारे रक्त ही पहिली खबर आहे. त्या खबरीला आपण उलटे उत्तर देतो. घासायला हवे तिथेच घासणे बंद करतो.

मऊ थर, मग दगड

जेवणानंतर काही तासांनी दातावर, हिरडीच्या कडेला नख ओढून पाहा. नखात पांढरट, चिकट पदार्थ येतो. तो नुसता अन्नाचा कण नाही. तो जंतूंचा थर आहे. प्रत्येकाच्या तोंडात तो रोज तयार होतो; लहान-मोठा, गरीब-श्रीमंत कुणीही सुटत नाही. हा थर मऊ असतो तोवर ब्रशने सहज निघतो.

तो तसाच राहिला तर लाळेतला चुना त्यात मुरायला लागतो. दोन-तीन दिवसांत तो कडक होऊ लागतो आणि साधारण दोन आठवड्यांत दगडासारखा होतो. यालाच आपण दातांवरचे कीट म्हणतो. आरसा घेऊन खालच्या समोरच्या दातांची आतली बाजू पाहा. वरच्या दाढांची गालाकडची बाजू पाहा. लाळेच्या ग्रंथींची तोंडे इथेच उघडतात, म्हणून कीट सगळ्यात आधी इथे साचते. पिवळसर किंवा काळपट, खरखरीत कड दिसली तर ते कीट आहे. एकदा दगड झाला की तो ब्रशने निघत नाही, पेस्टने निघत नाही, कुठल्याही मंजनाने निघत नाही. तो दवाखान्यातच काढावा लागतो.

कीट खरखरीत असल्यामुळे त्यावर नवा मऊ थर आणखी लवकर बसतो. त्यातले जंतू हिरडीला सतत डिवचतात. हिरडी सुजते, गुलाबीची लाल होते, ब्रश लागला की रक्त येते. हा आजाराचा पहिला टप्पा. इथे हिरडी पूर्ण बरी होऊ शकते.

दुर्लक्ष केले तर दुसरा टप्पा सुरू होतो. हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खोबण पडते. खोबणीत ब्रश पोचत नाही. आत जंतू वाढतात, आणि ज्या हाडात दात रोवलेला आहे ते हाड हळूहळू झिजते. दात लांब दिसू लागतात, दोन दातांमध्ये फट पडते, तोंडाला वास येतो, कधी पू येतो. दात हलेपर्यंत बहुधा दुखत नाही. हा आजार दाढदुखीसारखा रात्री ओरडून उठवत नाही, म्हणून तो जास्त नुकसान करतो. झिजलेले हाड सहसा पहिल्यासारखे भरून येत नाही. पण उपचार आणि स्वच्छता केली तर झीज तिथेच थांबवता येते.

हे तपासून पाहिलेले आहे

तथागतांनी सांगितले, कुणी म्हटले म्हणून मानू नका, तपासून घ्या. हिरड्यांबाबत ही तपासणी झालेली आहे.

१९६५ साली डेन्मार्कमधल्या आरहुस शहरात हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांना दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. त्यात बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावले, तेव्हा सुमारे आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. म्हणजे हिरडी सुजण्याचे कारण तो थर आहे, आणि थर काढला की सूज उतरते. रक्त येणाऱ्या जागी ब्रश नेमका का फिरवायचा, त्याचे उत्तर इथे आहे.

याच लो यांनी १९७० मध्ये श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांत ४८० तमिळ मजूर पुरुषांच्या हिरड्या तपासायला सुरुवात केली. या मजुरांना ब्रश माहीत नव्हता आणि दातांचा दवाखाना तर दूरच. पुढची १५ वर्षे तपासणी चालली. सुमारे ८ टक्के मजुरांचा आजार वेगाने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने वाढला, आणि फक्त ११ टक्क्यांचा आजार हिरडीच्या सुजेपुढे गेला नाही. त्याच काळात नॉर्वेतल्या, लहानपणापासून दंतसेवा मिळालेल्या तरुणांचीही अशीच पाहणी चालली होती. चाळिशीपर्यंत त्यांच्या हिरड्यांचे नुकसान फारच थोडे झाले होते.

मळ्यातल्या मजुराच्या हिरड्या जन्मतः कच्च्या नव्हत्या. त्याला ब्रश, माहिती आणि दवाखाना मिळाला नाही. आपल्या वस्त्यांमध्ये आज ब्रश आहे. माहिती आणि दवाखाना या दोन गोष्टींसाठी हे पान आहे.

खर्रा रक्त लपवतो

कुणी म्हणेल, "मी रोज चार खर्रे खातो, माझ्या हिरडीतून कधी रक्त येत नाही." हे वाक्य ऐकून खूश होऊ नका. तंबाखूतल्या निकोटिनमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे आजार असूनही रक्त कमी येते. आजार गेलेला नसतो, खबर देणारा गप्प केलेला असतो. आतली झीज मात्र तंबाखू न खाणाऱ्यापेक्षा जास्त वेगाने चालू असते. म्हणून तंबाखू खाणाऱ्याने रक्ताची वाट पाहू नये, तसाच जाऊन दाखवावे.

पन्नीत घोटलेल्या खर्‍यात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो. सुपारी दात झिजवते आणि गालाची आतली त्वचा ताठ करते. चुना भाजतो. जिथे रोज तोबरा धरला जातो तिथली हिरडी खाली सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते. आपल्या जिल्ह्याला लागून छत्तीसगड आहे. तिकडे गुडाखूने दात घासण्याची सवय जुनी आहे. काही घरांत बाया तपकीर किंवा मिसरी लावतात. "लावले की दात दुखायचे थांबते," असे त्या सांगतात. ते खरे आहे, पण त्यात औषध नाही. तंबाखूने तेवढ्यापुरती जागा बधिर होते. मंजनाच्या नावाने दिवसातून तीनदा तंबाखूच पोटात जाते. बिडीनेही हिरड्यांचे असेच नुकसान होते.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरतात, म्हणजे जवळजवळ चारांमागे एक. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरीवरचा खर्रा हातात येतोच. सोडायचे असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत, सल्ला मिळतो.

आणि हे लक्षात ठेवा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा फोड, किंवा तोंडात तीन बोटे उभी न जाणे, यातले काहीही दिसले तर हिरडीचा विचार बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठा. ही कर्करोगाची किंवा त्याच्या आधीची खूण असू शकते.

घरी काय करायचे

१. दिवसातून दोनदा घासा. एकदाच जमत असेल तर रात्री झोपताना घासा. झोपेत लाळ कमी सुटते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही खाऊ-पिऊ नका.

२. ब्रश मऊ घ्या. पाकिटावर तसे लिहिलेले असते. महागाची गरज नाही. केस वाकडे झाले की, किंवा तीन महिन्यांनी, बदला. घरात प्रत्येकाचा ब्रश वेगळा ठेवा.

३. ब्रश दातावर सपाट धरू नका. थोडा तिरपा करून त्याचे केस दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या कडेला टेकवा. तिथेच हलक्या हाताने छोटे गोल फिरवा. भांडे घासल्यासारखे आडवे रगडू नका. त्याने दाताच्या मुळाशी खाच पडते. बाहेरची बाजू, आतली बाजू, चावायची बाजू, असे करत पूर्ण दोन मिनिटे घासा.

४. रक्त येते तिथे टाळू नका. मऊ ब्रशने, हलक्या हाताने, पण रोज तिथे घासा. साध्या सुजेचे रक्त आठवडा-दोन आठवड्यांत कमी होते. नाही झाले तर आत कीट आहे असे समजा आणि दाखवा.

५. पेस्ट फ्लोराइडची घ्या. मोठ्यांना वाटाण्याएवढी आणि तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. घासून झाल्यावर थुंका. भरपूर पाण्याने लगेच चुळा भरू नका.

६. दोन दातांमधली जागा ब्रशने साफ होत नाही. तिथे दातांचा धागा किंवा फटीत जाणारा बारीक ब्रश वापरा. औषधाच्या दुकानात मिळतो. पिन, सुई, काडेपेटीची काडी घालू नका. त्याने हिरडी फाटते.

७. राख, कोळसा, विटेची भुकटी बंद करा. यांनी दात पांढरा दिसतो, कारण वरचा थर घासून निघतो. तो परत येत नाही.

कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी वाईट नाही. टोक चावून मऊ कुंचला करा आणि हळू फिरवा. पण काडी दातांच्या आतल्या बाजूला आणि मागच्या दाढांपर्यंत नीट पोचत नाही. सकाळी दातून केले तरी रात्री ब्रश करा. मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळांनी सूज थोडी उतरते, पण थर निघत नाही आणि कीट तर नाहीच.

"साफ केले की दात हलतात"

दवाखान्यात न जाण्याचे हे सगळ्यात मोठे कारण. अमक्याने दात साफ करून घेतले आणि महिन्याभरात दात हलू लागले, असे प्रत्येक वस्तीत कुणीतरी सांगते. तो माणूस खोटे बोलत नाही, पण कारण चुकीचे सांगतो.

बांधावर रोवलेला खुंटा आठवा. पावसाने त्याच्या बुडातली माती वाहून गेली आणि वर चिखल वाळून घट्ट बसला. वरून खुंटा पक्का वाटतो. वाळलेला चिखल काढला की खुंटा हलतो. चिखल काढल्याने माती गेली का? माती आधीच गेली होती. दाताचेही तसेच आहे. हाड आधीच झिजलेले असते आणि कीट दातांना एकमेकांशी चिकटवून ठेवते. कीट काढले की खरी स्थिती दिसते. कीट राहू दिले तर उरलेले हाडही जाते.

दवाखान्यात काय करतात? आधी बोथट, खुणा असलेल्या सळईने हिरडीची खोबण मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक; त्यापेक्षा खोल असेल तर आजार आत गेला आहे. मग थरथरणाऱ्या यंत्राने, पाण्याच्या फवाऱ्याखाली कीट सुटे करतात. यंत्र दाताला तासत नाही. कीट थोडे असेल तर अर्ध्या-पाऊण तासात काम होते. खोबण खोल असेल तर हिरडीखाली, मुळापर्यंत साफ करावे लागते. तेव्हा जागा बधिर करतात आणि दोन-तीन वेळा बोलावतात.

नंतर काही दिवस थंड पाणी झोंबते. दातांमध्ये फट वाटते, कारण तिथला दगड गेला आणि सूज उतरली. हे अपेक्षित आहे, घाबरू नका.

किती दिवसांनी साफ करायचे? सगळ्यांना एकच नियम नाही. हिरड्या निरोगी असतील आणि घरी नीट घासत असाल, तर वर्षातून एकदा दाखवा; कीट नसेल तर काढायचे काही नाही. तंबाखू, मधुमेह किंवा आधी झालेला हिरड्यांचा आजार असेल तर डॉक्टर तीन ते सहा महिन्यांनी बोलावतात. ते चुकवू नका. आणि घरी घासायचेच नसेल तर दवाखान्यात साफ करून फार फायदा नाही. थर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होतो.

यांनी जास्त जपावे

मधुमेह असलेले: बाबासाहेबांच्या शरीराला मधुमेहाने किती पोखरले ते आपण जाणतो. साखर वाढलेली असेल तर हिरड्यांचा आजार लवकर धरतो आणि जोरात वाढतो. उलट, हिरड्यांतली सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांचे उपचार केल्यावर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी थोडी सुधारते, असे अभ्यासांत दिसले आहे. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने हिरड्या दाखवाव्यात, आणि ज्याच्या हिरड्या वारंवार सुजतात त्याने एकदा साखर तपासावी.

गरोदर बायका: या काळात हिरड्या सुजतात, रक्त येते. घासणे सोडू नका. चौथा ते सहावा महिना दात साफ करून घेण्यासाठी सोयीचा. उलटी झाल्यावर आधी पाण्याने चूळ भरा आणि अर्ध्या तासाने घासा.

सिकलसेल असलेले: विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल बराच आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. सिकलसेलच्या रुग्णाला कुठलाही जंतुसंसर्ग, दाता-हिरडीचा सुद्धा, वेदनेचा झटका आणू शकतो. म्हणून त्याच्या हिरड्या निरोगी राहणे जास्त गरजेचे आहे. दवाखान्यात गेल्यावर सिकलसेल आहे हे आधी सांगा, कार्ड दाखवा, पाणी भरपूर पिऊन जा. अंगात कळा येत असतील त्या दिवशी जाऊ नका. नुसते वाहक असलेल्यांना सहसा अडचण येत नाही, तरी सांगून ठेवा.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही आधी सांगावे. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

कुठे जायचे

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. दातांचे डॉक्टर प्रत्येक ठिकाणी रोज नसतात. तिरोडा, देवरी, आमगाव, सालेकसा, गोरेगाव, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव, ज्या तालुक्यात राहता तिथल्या रुग्णालयात कोणत्या वारी दंतवैद्य बसतात ते आशाताईंना विचारा आणि त्या वारीच मजुरी बुडवा. गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दंत विभागात चौकशी करा. आजार खोल गेला असेल तर नागपूरला मेडिकलच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे हिरड्यांचा वेगळा विभाग आहे, शुल्क खाजगीच्या मानाने अगदी थोडे आहे.

आशाताई तिशीपुढच्या लोकांचे तपासणीचे फॉर्म भरतात. त्यात साखर, रक्तदाबाबरोबर तोंडाची तपासणीही असते. "मला काही नाही" म्हणून दार लावू नका. शाळेत आणि अंगणवाडीत येणारे तपासणी पथक मुलांचे दातही पाहते. चिठ्ठी दिली तर ती दप्तरात राहू देऊ नका.

रस्त्याकडेला धुरी देऊन दातातून "किडे" काढून दाखवणाऱ्यांपासून दूर राहा. ते किडे नसतात. धुरीत टाकलेल्या बियांतून निघालेले कोंब असतात.

विहारापासून सुरुवात

दातांची स्वच्छता आपल्याकडे नवी नाही. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात दंतकाष्ठाचा, म्हणजे दातूनचा, प्रसंग आहे. काही भिक्खू दात साफ करीत नव्हते आणि त्यांच्या तोंडाला वास येत होता. भगवंतांनी त्यांना दातून वापरण्याची अनुमती दिली आणि त्याचे पाच लाभ सांगितले. तोंडाला वास न येणे आणि अन्नाची रुची लागणे हे त्यातलेच. काडीची लांबीही ठरली. आठ अंगुळांपेक्षा मोठी नको. चार अंगुळांपेक्षा लहानही नको, कारण एका भिक्खूच्या घशात आखूड काडी गेली होती. संघाच्या नियमांत दातूनला जागा मिळाली, मग आपल्या रोजच्या नियमांत ती का नसावी?

वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला सगळी वस्ती जमते. त्यातली एक संध्याकाळ दातांसाठी ठेवा. महिला मंडळाने आणि तरुणांनी मिळून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना पत्र द्यावे आणि दंत तपासणी शिबिर मागावे. भीमजयंतीच्या वर्गणीतून वस्तीतल्या प्रत्येक मुलाला एक मऊ ब्रश घेता येईल. डॉक्टर येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. आज रात्री आरसा घ्या, ओठ बाजूला करा आणि घरातल्या प्रत्येकाच्या हिरड्या पाहा. लाल, सुजलेली कड दिसली तर ब्रश तिथे हळू फिरवा. उद्याही फिरवा. दोन आठवड्यांनी पुन्हा आरसा घ्या. तरीही रक्त दिसले, तर दवाखान्याचा वार विचारा.

जय भीम.